बिनसाखरेचा मध्यस्थ

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात टेकचंद विणकराचं घर कुठलं, असं विचारलं असतं तर लोकांनी डोकं खाजवलं असतं. टेकचंद मध्यस्थ म्हटलं की मात्र पवनीपासून आंधळगावापर्यंत कुणीही झोपेतून उठून रस्ता सांगितला असता. माणूस करवती काठाची लुगडी विणायचा, आणि बरी विणायचा. पण हात मागावर आणि कान रस्त्यावर. कुणाची पोरगी लग्नाची झाली, हे तिच्या बापाच्या आधी टेकचंदला कळे. कुणाच्या पोराला कुठं चिकटवलं, कुणाच्या पोरानं तुमसरच्या बाजारात कुणाकडे वळून पाहिलं, सगळं त्याला ठाऊक. कसं ठाऊक, ते विचारू नये. बायका नळावर एवढा वेळ उभ्या राहतात त्या काय नुसत्या पाण्यासाठी?

सोयरीक जुळवण्याचं तो काही घेत नसे. लग्नात एक नारळ नि खांद्यावर एक शेला, बस. घ्यायचा तो फक्त चहा. आणि त्या चहातच सगळी गोम होती.

ते दिवस चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचे. साखर रेशनच्या दुकानात यायची, आणि आली म्हणजे आली. आलेली साखर डब्यात, डबा उतरंडीत, आणि उतरंड सासूच्या नजरेखाली. टेकचंद येणार असं कळलं की ती उतरंड खाली उतरे. चहात साखर किती, यावरून पोरीच्या बापाचं मन किती मोठं ते ठरायचं. तेव्हा चमचा उभा राहील असा चहा होई. रीत अशी की पोरगी चहाचं ताट घेऊन बाहेर आली की पहिला कप मध्यस्थानं उचलायचा. त्यानं घोट घेऊन मान हलवली, "गोड झाला गा!" म्हटलं, की मगच पोराकडच्यांनी कपाला हात लावायचा. मध्यस्थाचं तोंड गोड झालं म्हणजे अर्धी सोयरीक झाली. लग्नसराईच्या आधीच्या महिन्यांत टेकचंद सायकलवरून गावोगाव फिरे, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात साखरेच्या पाकाशिवाय दुसरं काही जात नसे. भूक लागली की पुढच्या घरचा चहा.

त्याची बायको जानकीबाई. माहेर पवनीचं. यांना लेकरू नव्हतं. गावभर पाळणे हलवणाऱ्याच्या घरात पाळणा नाही, यावर कोष्टीपुऱ्यात जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं होतं, आणि आता त्यात कुणाला चव उरली नव्हती. जानकीच्या भावाची, धनीरामची, पोरगी गुलाब दर उन्हाळ्यात आत्याकडे येई, चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला शिके, आणि टेकचंदच्या खांद्यावर बसून बाजारात जाई. तेवढंच त्या घरात लेकराचं.

नवऱ्याला काहीतरी होतंय, हे जानकीला कापडावरून कळलं. टेकचंद कुठूनतरी गोड चहा पिऊन येई आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे. घटकाभर असा विणे की सूत वाहणारा धोटा दिसू नये. मग हळूहळू हात ढिला पडे. तोंडाला कोरड, पाय शिशाचे, पायाखालची पावडी दाबवेना, आणि थोड्या वेळानं मागावर मान टाकून घोरणं सुरू. जाग आली की आधी म्हणे, "जानके, गुळाचा खडा दे वं." खडा चघळला की पुन्हा घटकाभर धोटा पळे. लुगडं उतरवून जानकी घडी घालायला बसली की तिच्या बोटांना लागायचं, इथं वीण घट्ट, इथं विरळ, पुन्हा घट्ट, पुन्हा विरळ. गोड आणि ग्लानी असं आळीपाळीनं विणलेलं.

शेजारच्या रत्नाबाईला कापडातलं कळत नसे, पण बाकीचं सगळं कळे. एका सकाळी कुंपणावरून तिनं हाक मारली.

"जानके, तुह्या नवऱ्याच्या मांगं आजवर पोरीचे बाप लागत होते."

"मंग?"

"आता मुंग्या लागल्या. मोरीकडं जाऊन पाह्य, कशी रांग लागली तं!"

रत्नाबाई हसली. जानकी मोरीकडे गेली, पाहिलं, आणि तिला हसू आलं नाही.

भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. म्हातारा डॉक्टर, बोलायला फटकळ. लघवी तपासली आणि म्हणाला, "रोग दारात उभा आहे. अजून बसला नाही. पाट मांडून द्यायचा की दार लावायचं, ते तुम्ही ठरवा. साखर-गूळ बंद. उपाशी हिंडणं बंद. तीन वेळा भात चेपणं बंद. उपाशी राहिलात तर जीभ गोडच मागणार, आणि गोड खाल्लंत की थोड्या वेळानं पुन्हा अंगातलं बळ जाणार."

परतीच्या बसमध्ये टेकचंद खिडकीबाहेर पाहत होता. वरठीच्या फाटकापाशी म्हणाला, "चहा नाई प्यायचा तं लोकायच्या घरी जाऊन करू का?"

"बोला ना. तोंड कायले देल्लं देवानं?"

"बोलाच्या आंधी चहाच येते वं."

जानकीनं दार लावायचं ठरवलं. ती शाळा शिकली नव्हती, पण स्वयंपाकघरात तिला कुणी काही शिकवावं असंही नव्हतं. पहिलं काम म्हणजे सकाळचा अनशापोटीचा चहा गेला. त्याच्या जागी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी नि मोड आलेले मूग. भाताच्या मुलखात भाकर म्हणजे आजाऱ्याचं खाणं, किंवा वऱ्हाडातून आलेल्या पाहुण्याचं. टेकचंदनं ताटाकडे असं पाहिलं की जणू त्यालाच कुणीतरी नाकारलेलं स्थळ दाखवलं.

"हे का होय?"

"खा. संध्याकाळी भात भेटन. मुठीएवढा."

दुपारी कढी, तरोट्याची नाही तर घोळीची भाजी, बाजाराच्या दिवशी तलावातले मासे. हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. आणि सायकलवर टांग मारायच्या आधी बंडीच्या खिशात फुटाणे. "तल्लफ आली का चार टाका तोंडात. चावता चावता थे निघून जाते," असं जानकी सांगे. चहा राहिला, पण बिनसाखरेचा. त्याला एकट्याला कडू प्यायला लावणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनंही आपल्या कपातली साखर बंद केली. पहिल्या दिवशी दोघं समोरासमोर बसले, घोट घेतला, आणि दोघांची तोंडं अशी झाली की रत्नाबाई कुंपणावरून म्हणाली, "कोनी मेलं का व तुमच्याकडं?"

पहिले पंधरा-वीस दिवस वाईट गेले. टेकचंद चिडे, डोकं दुखतंय म्हणे, उतरंडीभोवती मांजरासारखा फिरे. जानकीनं घरातला गूळ रत्नाबाईकडे ठेवायला दिला. हा तिचा जरा भोळेपणाच. रत्नाबाईकडे ठेवलेली वस्तू परत यायची असती तर गावात भांडणं कमी झाली असती. पण गूळ गेला हे खरं.

आणि मग हळूच एक दिवस जानकीनं लुगडं उतरवलं, मांडीवर घेतलं, बोटं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीण सारखी. तिनं पुन्हा एकदा फिरवली. टेकचंद दुपारी झोपेनासा झाला होता, संध्याकाळपर्यंत पाय पावडीवर हलके पडत होते, मुंग्या कुठं दुसरीकडे गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, "बरं चाललंय, असंच ठेवा." जानकीला वाटलं, आपण जिंकलो.

घरातलं जिंकलं होतं. बाहेरचं राहिलं होतं.

बाहेर टेकचंद कधी म्हणे "आत्ताच घेतला," कधी म्हणे "आज उपास हाय." लोकांनी पहिल्यांदा ऐकलं, मग हिशेब लावला. इतके उपास तर देवळातला पुजारी करत नाही. आंधळगावात एक बाप म्हणाला, "भाऊ, आमच्या पोरीत खोट दिसली का तुमाले? सरळ सांगा. चहाले काहून नाई म्हन्ता?" दुसरीकडे कुणी म्हणालं, टेकचंद आता मोठा झाला, त्याला आमची रेशनची साखर चालत नाही. बोलावणी कमी झाली. टेकचंद दाराशी सायकल पुसत बसायचा, आणि जायचं कुठंच नसायचं.

अशात सत्त्याहत्तर साली गुलाबचं स्थळ आलं. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला; राहायला क्वार्टर, सकाळी न्यायला बस. बाप पुंडलिकराव, वरठीचा, शांत माणूस. आई सत्यभामाबाई. तिच्याबद्दल एवढंच सांगावं की लग्नघरात तिला पुढची जागा मिळाली नाही तर मांडवाला वाळवी लागल्याचं ती स्वतः शोधून काढी. पण पोरगा हिऱ्यासारखा. टेकचंदनं जिवाचं रान करून त्यांना पवनीला यायला राजी केलं. कुणाची तरी नव्हे, गुलाबची सोयरीक होती.

जानकी आदल्या दिवशीच माहेरी गेली. चहाच्या वेळी चुलीपाशी तिनं गुलाबला टेकचंदच्या कपाचं बजावलं, "मामाजीचा कप बिनसाखरेचा काढ. मांगं ज्याचा कान तुटला हाय ना, थ्या कपात दे. मंग चुकी होनार नाई."

गुलाबनं तसंच केलं. चार कप नवे, एक कानतुटका. ताट उचलणार इतक्यात धनीराम आत आला. पोरीचा बाप, सकाळपासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. ताटाकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे का होय? पाहुन्यायपुढं कानतुटका कप? लाज नाई वाटत?" जानकी तेव्हा मागच्या दारी पोहे वाढायच्या ताटल्या धुवत होती. गुलाब "बाबा, थो..." म्हणेपर्यंत धनीरामनं फडताळातला पाचवा नवा कप काढला, चहा त्यात ओतला, फडक्यानं कड पुसली, आणि ताट फिरवून स्वतःच नीट लावलं. "जाय आता. पदर सावर."

गुलाब बाहेर गेली. कोणता कप कोणता, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. ती पाहुण्यांसमोर उभी राहिली. बघायला आलेल्यांसमोर पोरीनं तोंड उघडायचं नसतं.

रीतीप्रमाणे टेकचंदनं पहिला कप उचलला. घोट घेतला. गोड! दोन वर्षांनी जिभेवर साखर आली, आणि सवयीनं त्याची मान हलून गेली. आपला चहा गोड, म्हणजे कडू दुसऱ्या कुणाकडे तरी गेला. त्यानं मान वर केली. पुंडलिकराव बशीत चहा ओतून शांतपणे फुर्र करत होते. मुलगा गुलाबकडे पाहत होता, त्याला एरंडाचं तेल दिलं असतं तरी कळलं नसतं. सत्यभामाबाईंनी कप ओठाला लावला, आणि तिथंच थांबल्या.

कप खाली आला. आवाज न करता.

"तुमच्या घरची साखर सरली का जी?" त्यांनी धनीरामला विचारलं.

"नाई बाई! काहून?"

"मंग मलेच काहून कडू देल्ला? पोराची माय हावो म्हून?"

टेकचंद घाईनं पुढं झाला. "चुकी झाली बाई. थो कप माहा होता. मी साखर घेत नाई. डॉक्टरनं मना केली."

त्यानं खरं सांगितलं आणि तिथंच सगळं नासलं. चुकून गेलेला कप कदाचित पचला असता. पण सत्यभामाबाईंनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "म्हन्जे मध्यस्थच कडू तोंडानं आला होय? अवो, ऐकलं का तुमी? सोयरिकीच्या घरात मुद्दाम कडू चहा शिजला! उद्या संसार कसा व्हायचा?"

"जाऊ दे ना गं..." पुंडलिकराव म्हणाले, आणि बायकोनं पाहिल्याबरोबर त्यांना आपली टोपी कुठं ठेवली ते शोधावंसं वाटलं.

पोहे तसेच राहिले. पाहुणे गेले. गुलाब ताट हातात घेऊन उभीच होती. जानकीनं तिच्या हातून ताट काढून घेतलं तेव्हा तिची बोटं कडेवर घट्ट रुतलेली होती.

पुढचं सांगायला नको, तरी लोकांनी ते वर्षभर सांगितलं. पवनीच्या बाजारात गुलाबला "कडू चहावाली" नाव पडलं. दोन स्थळं येता येता वळली. धनीराम बहिणीशी बोलेना. एकदाच बोलला, तेही बसस्टँडवर, लोकांदेखत: "नवऱ्याच्या तब्बेतीपायी भावाची पोरगी बसवली तू घरी." जानकी पिशवी उचलून बसमध्ये चढली. कान तुटलेला कप कुणी बदलला, हे तिला ठाऊक होतं; पण तो कप मुळात ताटात का आला, हेही तिलाच ठाऊक होतं.

टेकचंद त्या वर्षात वरठीला आणि जवाहरनगरला किती वेळा गेला, त्याची गणती नाही. पोरानं दुसरी मुलगी पाहायला नकार दिला होता. बस चुकली तरी चालेल, पण तीच, असं काहीसं तो म्हणत होता म्हणे. शेवटी पुंडलिकरावांनी वरठीच्या स्टेशनबाहेर त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, माह्यी ना नाई. पोराची त नाईच नाई. घरच्या बाईचं एकच म्हननं हाय. तुमच्या घरी येतो. तुमच्या बाईनं चहा करावं, अन् एका कपातला चहा तुमी-आमी दोघानं घ्यावं. कपातला तुमी, बशीतला मी. अन् गोड. मंग मांगचं सारं धुतलं गेलं."

टेकचंदनं घरी येऊन सांगितलं. जानकी भाकर थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"एकच कप हाय वं," टेकचंद म्हणाला.

"एकच कसा राह्यीन? उद्या आंधळगाववाले म्हन्तीन, थ्याईच्यासंगं घेतला, आमच्या घरी काहून नाई?"

ते खरं होतं. गावोगाव बातमी नेण्याचं काम तो आयुष्यभर करत आला होता. बातमी कशी जाते हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"तं नाई म्हून सांगू?" त्यानं विचारलं. आणि जानकीकडे पाहत राहिला, खरंच वाट पाहत. ती म्हणाली असती तर त्यानं तसं सांगितलं असतं. ते तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि नंतर कित्येक वर्षं दिसत राहिलं.

तव्यावरची भाकर करपली. जानकी म्हणाली, "गुरुवारी बोलवा. थ्या दिवशी मले सवड हाय."

गुरुवारी सत्यभामाबाई नव्या लुगड्यात आल्या आणि चुलीपाशीच पाट मांडून बसल्या. साखर किती पडते ते पाहायला, दुसरं काय. घरात साखर नव्हतीच. जानकीनं ती रत्नाबाईकडून वाटीभर मागून आणली होती. चहा उकळला. तिनं एक चमचा टाकला. सत्यभामाबाई म्हणाल्या, "टाका ना बाई, हात काहून आखडता?" दुसरा टाकला. तिसरा टाकला. ज्या हातानं तीन वर्षं दार लावून धरलं होतं, त्याच हातानं तिनं ते उघडलं. आणि वर ढवळलंसुद्धा, खाली साखर राहू नये म्हणून.

बाहेर कपातला टेकचंदनं घेतला, बशीतला पुंडलिकरावांनी. "गोड झाला गा!" टेकचंद म्हणाला, अगदी पूर्वीच्या आवाजात. माणसं हसली. आत जानकीनं भांडं विसळून पालथं घातलं.

गुलाबचं लग्न झालं. छान झालं. ती जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये सुखात राहिली. नवरा पगार आणून तिच्या हातात देई, आणि सत्यभामाबाईसुद्धा जरा नरमल्या, नातू झाल्यावर तर फारच. फक्त एक गोष्ट गुलाबच्या हाताला कायमची लागली. तिच्या घरचा चहा इतका गोड असे की शेजारणी पाणी मागत. साखर कमी पडेल या भीतीनं ती प्रत्येक कपात एक चमचा जास्तच टाकी.

आणि जानकी बोलली होती तसंच झालं. बोलावणी पुन्हा सुरू झाली, पूर्वीपेक्षा जास्त. मोडलेली सोयरीक जोडणारा मध्यस्थ म्हणून टेकचंदचं नाव गाजलं. कुणी त्याला कपाला नाही म्हणू देईना. घरी मात्र तो एक कण साखर मागत नसे. सकाळी भाकर-चटणी मुकाट्यानं खाई, कडू चहा तिच्यासमोर बसून पिई, फुटाणे खिशात घालून जाई. संध्याकाळी फुटाणे तसेच परत येत.

जानकी चिडे. "चार लोकायची पोटं भरली तुमच्या बोलन्यानं, अन् एक 'नाई' म्हनाले जीभ नाई का तुमाले?"

"हाय ना."

"मंग?"

"थे पोरगी समोर उभी असते वं. कप धरून. तिच्या मायबापानं साखर कोठून आनली असन, ते आपल्याले मालूम हाय. तिले वाटते, ह्या मानसानं घेतला का मी पास झाली. तिच्या तोंडावर मी नाई म्हनू?"

"माह्या तोंडावर म्हना मंग. मले तरी सांगा का तुमाले जगाचं नाई."

तो उठून मागावर बसला. जानकीला वाटलं आपण फार बोललो, आणि तिनं आत जाऊन मूग भिजत घातले.

लुगड्याची वीण पुन्हा घट्ट-विरळ होऊ लागली. मग नुसतीच विरळ. लुगडी घेणारा व्यापारी सूत कमी द्यायला लागला. बायका आता टेकचंदला आडून "साखरभाऊ" म्हणत, आणि रत्नाबाईनं एकदा ते तोंडावर म्हटलं तेव्हा तो पूर्वीसारखा हसला नाही. डोळ्यांना धुरकट दिसू लागलं. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात मागाच्या पावडीनं अंगठ्याजवळ कातडं सोललं. एवढंसं. ते भरेना. म्हातारा डॉक्टर आता रिटायर झाला होता, नवा डॉक्टर जानकीवरच ओरडला, "घरात पथ्य पाळत नाही का तुम्ही लोक?" घरातलं पथ्य त्या एका गुरुवारखेरीज कधी मोडलं नव्हतं. ती मान खाली घालून उभी राहिली.

पाय खराब झाल्यावर टेकचंदला कुठं जाता येईना. मग लोकच घरी येत. अमक्याचा पोरगा कसा, तमक्याची माय कशी, विचारून जात. तो खाटेवर पडून सांगे. जानकी सगळ्यांना बिनसाखरेचा चहा देई आणि कुणाच्याही तोंडाकडे पाहत नसे. त्या महिन्यांत तो पुरता तिच्या हातचं खात होता. भाकर दुधात कुस्करून, मुगाचं पातळ वरण. तोंडावर जरा तेज आलं. एकदा म्हणाला, "जानके, हे आंधीच झालं असतं तं..." आणि पुढचं बोलायच्या आत कुणीतरी दारात हाक मारली, म्हणून ते राहिलं.

पंच्याऐंशीच्या माघात तो गेला. भर दुपारी, जानकी मागच्या दारी ज्वारी पाखडत असताना. सुपाचा आवाज ऐकत गेला असावा.

माणसं किती आली! ज्यांची लग्नं त्यानं जुळवली होती ती जोडपी आली, काहींची तर पोरं लग्नाला आलेली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रडणंही होतं आणि मधूनच हलक्या आवाजातलं हसणंही. टेकचंदच्या गोष्टी आठवल्या की हसू आल्याशिवाय कसं राहणार? कुणी म्हणालं, आमच्या घरी भाऊ चहाचा कप कधी उष्टा ठेवत नसत. कुणी म्हणालं, आमच्याही घरी. प्रत्येकाला ती फक्त आपल्या घरची गोष्ट वाटत होती.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा रत्नाबाईच्या घरून येणार होता. गुलाब रात्रीच्या शेवटच्या बसनं आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं कुणालाही हात लावू दिला नाही, रत्नाबाईच्या चुलीवर स्वतः आधण ठेवलं. ताट घेऊन ती अंगणातून आली आणि सगळ्यात आधी कोपऱ्यात बसलेल्या आत्यापाशी टेकली.

"आत्या, दोन घोट घे. कालपासून पोटात काई नाई तुह्या."

जानकीनं कप घेतला. वास नाकाशी आला आणि तिला कळलं. गुलाबच्या हातचा चहा. दहा वर्षांत जानकीच्या जिभेला गोड चहा लागला नव्हता. कडूची तिला इतकी सवय झाली होती की साखरेनं मळमळे. "साखर नको वं मले," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. त्या घरात ते बोलायचा हक्क तिच्याइतका कुणालाच नव्हता.

तिनं मान वर केली. गुलाब गुडघ्यावर बसून तिच्याकडे पाहत होती. काही विचारत नव्हती, नुसती पाहत होती.

जानकीनं कप ओठाला लावला. एक घोट, मग दुसरा.  सगळा कप संपवला, तळातली न विरघळलेली साखरसुद्धा. मग कप गुलाबच्या हातात दिला.

"गोड झाला वं," ती म्हणाली.